गाडी घसरली, पुढं काय?

अपघातातली मोटारसायकल गॅरेजमध्ये येते ती बहुतेक वेळा छोट्या टेम्पोतून, दोरीनं आडवी बांधून. केज असो, माजलगाव असो की गेवराई, जुना मिस्त्री गाडीच्या मालकाला लगेच काही विचारत नाही. तो पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरतो आणि हँडल सरळ करून बघतो. चाकाचं तोंड एकीकडं आणि हँडलचं दुसरीकडं, म्हणजे शॉकअप पिळले गेलेत किंवा त्यांना धरणारी टी वाकली आहे. मग रिंग फिरवून पाहतो. ती नुसती डुलत असेल तर आरे ताणून भागतं, चिरली असेल तर नवी टाकावी लागते. लेग गार्ड आत दबून इंजिनाला टेकलेलं दिसलं की तो पहिल्यांदा मान वर करून मालकाच्या पायाकडं बघतो.

एवढं झाल्यावर तो गाडीच्या मागं जातो, आणि खरी हकिगत अनेकदा तिथंच सापडते. मागच्या टायरवर एकाच जागी तळहाताएवढा भाग घासून गुळगुळीत झालेला असतो. चाक जाम होऊन गाडी फरफटत गेल्याची ती खूण. पुढच्या ब्रेकची लिव्हर दाबली तर ती थेट हँडलच्या मुठीला जाऊन टेकते. केबल ढिली आहे, कित्येक महिन्यांत कुणी ताणलेली नाही. म्हणजे समोर काहीतरी आडवं आलं तेव्हा चालवणाऱ्यानं जीव खाऊन एकच ब्रेक दाबला, पायाचा.

घरी मात्र सांगितलं जातं, गाडी घसरली. पोलिसांच्या कागदावर येतं, ताबा सुटला. दोन्ही खरंच असतं, पण गाडी का घसरली आणि ताबा का सुटला हे दोन्हींत नसतं. अपघातातून माणसं काय शिकतात, हा प्रश्न या अंकाच्या निमित्तानं पुढं आला. बीड जिल्ह्यात त्याचं उत्तर शोधायचं तर गॅरेज, ढाबा, घाटातलं वळण आणि सरकारी दवाखान्याचा अपघात विभाग एवढ्या जागा फिरल्या तरी पुष्कळ हाती लागतं.

रेल्वेच्या आधी मोटारसायकल

बीड शहरात रेल्वे आली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. अहिल्यानगरहून बीडपर्यंतचा मार्ग त्या दिवशी सुरू झाला. परळीपर्यंतचा पुढचा टप्पा त्यानंतरचा. जिल्ह्यात परळी हे जुनं स्टेशन, पण आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या बाजूच्या माणसाला त्याचा रोजच्या कामात उपयोग नव्हता. त्याचं सगळं जिणं एसटीच्या वेळापत्रकावर आणि एसटी चुकली की दुसऱ्याच्या गाडीवर अवलंबून राहिलं. म्हणून दोन पैसे हातात आले की आधी मोटारसायकल. स्प्लेंडर, एचएफ डिलक्स, प्लॅटिना, शाइन. नंबर एमएच 23 चा, अंबाजोगाईकडं एमएच 44 चा.

या गाडीवर काय काय जातं याची यादी मोठी आहे. दुधाच्या किटल्या, खताची गोणी, फवारणीचा पंप, वेल्डिंगला न्यायचा नांगराचा फाळ, दवाखान्यात न्यायची आई, परीक्षेला जाणारी दोन पोरं. शंभर सीसीची गाडी दोन माणसांसाठी बनवली आहे, आणि कायदाही मागे एकच माणूस बसवायला परवानगी देतो. वस्तीवरून तालुक्याला निघालेल्या घराला मात्र दुसरी गाडी नसते आणि दुसरा फेराही परवडत नाही.

दुसरीकडं रस्ते झपाट्यानं बदलले. धुळे-सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग 52 गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा असा जिल्ह्याला उभा छेदून जातो आणि चौपदरी झाला आहे. कल्याणहून निघालेला 61 क्रमांकाचा महामार्ग गेवराई-माजलगाववरून परभणीकडं जातो. मांजरसुंब्याहून केज, अंबाजोगाई, लातूर अशी वाहतूक वाहते. जिथं पूर्वी खड्डे चुकवत चाळिसानं जावं लागे तिथं आता ऐंशीचा काटा सहज गाठता येतो. गाडी तीच, ब्रेक तेच, चालवायची रीतही तीच. बदलला तो फक्त वेग.

2022 या एका वर्षात देशभर रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यांतली 74,897 दुचाकीवरची होती. महाराष्ट्राचा त्या वर्षीचा आकडा 15,224. हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आकडे आहेत, आणि त्यांत फक्त मृत्यू आहेत. पाय मोडून सहा महिने खाटेवर पडलेला आणि त्यामुळं त्या वर्षी रान पडीक राहिलेला शेतकरी या संख्येत येत नाही.

दोन सेकंदांचा हिशेब

मोटारसायकल अपघातांचा जगातला सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेत झाला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातले हॅरी हर्ट आणि त्यांचे सहकारी लॉस एंजेलिस परिसरात अपघात झाला की जागेवर धावत जात, घसरल्याच्या खुणा मोजत, जखमींशी बोलत. असे 900 अपघात त्यांनी तपासले आणि 1981 मध्ये अहवाल दिला. त्यातल्या काही गोष्टी केजच्या मिस्त्रीला सांगितल्या तर त्याला त्यात नवल वाटणार नाही. अपघातात सापडलेल्यांपैकी 92 टक्के लोक गाडी स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. संकट दिसल्यापासून आदळेपर्यंत त्यांच्या हातात जेमतेम दोन सेकंद होते. त्या दोन सेकंदांत बहुतेकांनी मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबून चाक जाम केलं आणि पुढचा पुरेसा दाबलाच नाही. आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या समजुतीला धक्का देणारी आहे. धडकेच्या क्षणी या गाड्यांचा मध्यम वेग तासाला पस्तीस किलोमीटरच्याही आत होता. माणसं उडून पडली ती शर्यतीच्या वेगानं नव्हे, बाजारात जाण्याच्या वेगानं.

आपल्याकडं गाडी शिकवण्याची पद्धत ठरलेली आहे. चुलता किंवा मोठा भाऊ मागं बसतो, क्लच हळू सोड म्हणतो आणि एक सूचना हमखास देतो: पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील. ही सूचना अर्धी खरी आहे. वळणावर, वाळूवर, चिखलात पुढचा ब्रेक झटक्यानं दाबला तर पुढचं चाक निसटतं. पण कोरड्या सरळ रस्त्यावर ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढं झुकतं, पुढचं चाक रस्त्याला घट्ट धरतं आणि मागचं हलकं होतं. त्यामुळं थांबवण्याची खरी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते.

गणित सोपं आहे. साठच्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास सतरा मीटर जाते. कुत्रं दिसलं, डोक्यात उजेड पडला, हात हलला, यात एक सेकंद गेला धरा. पुढं दोन्ही ब्रेक नीट लागले, रस्ता कोरडा असला, तरी आणखी वीस-बावीस मीटर लागतात. म्हणजे एकूण जवळपास चाळीस मीटर. ऐंशीचा वेग असेल तर हेच अंतर साठ मीटरच्या पुढं जातं. केवळ मागच्या ब्रेकवर भिस्त ठेवली तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दीडपट, कधी त्याहूनही जास्त होतं, आणि चाक जाम झालं की गाडी आडवी.

1 एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांत पायाचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो, आणि त्यावरच्या गाड्यांना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली. पण जिल्ह्यात फिरणाऱ्या जुन्या गाड्या अजून ढिगानं आहेत, आणि परवाना काढताना आठचा आकडा काढून दाखवला की काम भागतं. अचानक थांबता येतं का, हे ज्या त्या माणसाला रस्त्यावरच कळतं.

एकदा पडून उठलेल्यांत मात्र एक बदल दिसतो. त्यांची दोन बोटं कायम पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर असतात. कुत्रं आडवं आलं तर ते हँडल फिरवत नाहीत, गाडी सरळ ठेवून वेग कमी करतात. कुत्र्याला चुकवायला जाऊन समोरून येणाऱ्या जीपखाली जाण्यापेक्षा ते बरं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

उसाच्या मागं अंधार

दिवाळी आटोपली की जिल्ह्याचा रस्ता बदलतो. ऊसतोडीला निघालेले लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं जातात, आणि जिल्ह्यातलेही कारखाने सुरू होतात. तेलगाव, पांगरी, अंबासाखर, गढी, आनंदगाव या नावांभोवती रात्रभर ट्रॅक्टर धावू लागतात. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, वर ऊस इतका रचलेला की तो ट्रॉलीच्या मागं हातभर बाहेर आलेला. वाढं खाली लोंबतं आणि मागचा दिवा असलाच तर त्याला झाकून टाकतं. रिफ्लेक्टर लावलेला असतो, पण फडातल्या चिखलानं माखलेला.

अशी ट्रॉली चढावर पंधराच्या वेगानं चाललेली असते. मागून मोटारसायकल साठनं येते. समोरून एखादी गाडी अप्पर लाइट मारत आली की दुचाकीवाल्याचे डोळे क्षणभर काहीच टिपत नाहीत, आणि नेमका तोच क्षण ट्रॉली जवळ येण्याचा असतो. मोटारसायकलच्या डिपर लाइटचा उजेड जेमतेम तेवढाच पोचतो जेवढं साठच्या वेगाला थांबायला अंतर लागतं. बाहेर आलेला ऊस बरोबर तोंडाच्या आणि छातीच्या उंचीवर असतो. ट्रॅक्टरवाल्याला तर धडक लागलेलीही कळत नाही, कारण त्याच्याकडं गाणी मोठ्यानं चालू असतात.

त्याहून वाईट म्हणजे पंक्चर होऊन किंवा एक्सल तुटून रस्त्यातच सोडलेली ट्रॉली. तिच्याभोवती कडेचे दगड मांडलेले असतात, इशारा म्हणून. सकाळी ट्रॉली निघून जाते, दगड तिथंच राहतात. पुढच्या रात्री ते दगडच कुणाचं तरी पुढचं चाक फोडतात.

गाळप हंगामाच्या सुरुवातीला आरटीओ, पोलिस आणि कारखाने रिफ्लेक्टर बसवण्याच्या मोहिमा घेतात. ट्रॉलीच्या मागं लाल कापड आणि चमकणाऱ्या पट्ट्या लावल्या जातात, फोटो निघतात. त्या पट्ट्या पुसायचं काम मात्र कुणाचंच नसतं. ट्रॉली वजनकाट्यावर उभी असताना ओल्या फडक्यानं एक हात मारला तरी मागच्याला ती लांबून दिसेल. कारखान्याच्या गेटवर पट्टी स्वच्छ असल्याशिवाय रिकामी ट्रॉली बाहेर सोडायची नाही, एवढा नियम केला तर त्याला पैसा लागत नाही.

या रस्त्यांवर रोज रात्री जाणारे, दूध संकलनावरून परतणारे, कारखान्यात पाळीला जाणारे, हळूहळू आपले नियम बनवतात. समोरून झगझगीत उजेड आला की त्याच्याकडं न बघता डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवायची आणि वेग आधी उतरवायचा. ओरखडे पडलेली हेल्मेटची काच रात्री वर करायची किंवा बदलायची, कारण त्या ओरखड्यांत समोरचा उजेड फुटतो. हंगामात शक्य तेवढं काम दिवेलागणीच्या आत उरकायचं.

घाटात न्यूट्रल

बीड सोडून मांजरसुंब्याकडं जाताना पालीचा घाट लागतो. उताराला लागताच कित्येक जण गाडी न्यूट्रल करतात, काही तर चावीच बंद करतात. पेट्रोल वाचवायची ही सवय जुनी आहे. वाचलेलं पेट्रोल थेंबांत मोजावं लागेल, पण इंजिनाचा आधार तुटल्यामुळं सगळा भार ब्रेकवर येतो. छोट्या गाड्यांचे ड्रम ब्रेक सतत दाबून तापले की त्यांची पकड कमी होत जाते, आणि ती नेमकी खालच्या वळणावर कमी पडते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी उतरवली तर इंजिनच तिला मागं ओढून धरतं. धारूरच्या अरुंद घाटात हे जास्तच खरं, कारण तिथं वळणावर समोरून ट्रक आला तर बाजूला सरकायला जागा नसते.

घाट नसलेल्या भागात संकटं वेगळी आहेत. पावसाळ्यात शेतातून निघालेला ट्रॅक्टर चाकांना चिकटलेली काळी माती डांबरावर सोडत जातो. वरून भुरभुर पाऊस झाला की ती माती साबणासारखी होते आणि तिथं दोन्ही ब्रेक निरुपयोगी ठरतात. सुगीत सोयाबीन, तूर रस्त्यावर पसरली जाते, येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांखाली आपोआप मळणी होते. कोरड्या काडावरून चाक कसं निसटतं हे एकदा अनुभवलेला माणूस पुन्हा त्यावर ब्रेक लावत नाही. वेग आधीच कमी करून हँडल न हलवता पार होतो.

सिमेंटच्या नव्या रस्त्यांनी आणखी एक सापळा आणला. रस्ता उंच झाला, साइडपट्टी खालीच राहिली. मोठ्या गाडीला जागा द्यायला दुचाकी कडेला जाते, चाक वीतभर खाली उतरतं, आणि घाबरून लगेच वर घ्यायला गेलं की टायर सिमेंटच्या कडेला घासून गाडी पलटी होते. असं चाक उतरलंच तर खालूनच सरळ जात राहायचं, वेग अगदी कमी करायचा आणि मग वर यायचं. चौपदरी रस्त्यावर पेट्रोल पंप किंवा ढाबा पलीकडं असला की दुभाजकातली मोकळी जागा लांब पडते म्हणून उलट्या बाजूनं गाडी घालणारे रोज दिसतात. गावच्या फाट्यावरून न थांबता महामार्गावर येणारेही तेवढेच. त्या कोपऱ्यावर वाढलेली बाभळ छाटली तरी निम्मं काम होईल.

मागं बसलेली

मोटारसायकलवर मागं एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई, मांडीवर मूल, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं सीटची कड धरलेली. हे दृश्य जिल्ह्यात इतकं रोजचं आहे की त्यातला धोका दिसेनासा झाला आहे. रंग न मारलेल्या गतिरोधकावरून गाडी उडते तेव्हा हँडल धरलेला पुरुष सावरतो. मागच्या बाईला धरायला काहीच नसतं. ती पाठीवर पडते आणि डोकं मागून डांबरावर आपटतं. गाडीला ओरखडाही आलेला नसतो. बऱ्याचदा चालवणाऱ्याला चार पावलं पुढं गेल्यावर कळतं.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागच्या माणसासाठी धरायला मूठ, पाय ठेवायची जागा आणि मागचं निम्मं चाक झाकणारी जाळी सक्तीची आहे. कंपनीतून गाडी येते तेव्हा हे सगळं असतं. मग पोरं गाडी देखणी करायला साडी गार्ड काढून टाकतात, आणि पदर किंवा ओढणी चाकात जाते.

मागं बसणाऱ्याच्या हेल्मेटची गोष्ट तर निघतच नाही. 2022 मध्ये हेल्मेट नसल्यानं देशात 50,029 जण गेले, त्यांतले 14,337 मागं बसलेले होते. मुंबईतले दादाराव बिल्होरे हे नाव अनेकांनी ऐकलं असेल. त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश 28 जुलै 2015 रोजी जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर चुलत भावाच्या मागं बसून जात असताना पाण्यानं भरलेल्या खड्ड्यामुळं पडला. चालवणाऱ्या भावाच्या डोक्यावर हेल्मेट होतं, तो वाचला. प्रकाश गेला. त्यानंतर भाजी विकून संसार चालवणारे बिल्होरे स्वतःच रस्त्यावरचे खड्डे बुजवत निघाले. त्यांनी बुजवलेल्या शेकडो खड्ड्यांची दखल देशभर घेतली गेली. एकाच गाडीवर दोन डोकी आणि एकच हेल्मेट, हा त्यातला दुसरा धडा मात्र मागं पडला.

पट्टा

बीडकडं हेल्मेट डोक्याऐवजी अनेकदा कोपरात, आरशावर किंवा पेट्रोलच्या टाकीवर असतं. चौकात पोलिस दिसले की डोक्यावर चढतं आणि पुढच्या वळणावर उतरतं. कारणं पाठ असतात: उकडतं, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, मान दुखते. मे महिन्यातला इथला उन्हाळा बघता पहिलं कारण खोटं म्हणता येत नाही. हेल्मेटला विरोध काही मराठवाड्याची मक्तेदारी नाही; जानेवारी 2019 मध्ये पुण्यात लोक पगड्या घालून हेल्मेटसक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरले होते.

हेल्मेटचा शास्त्रीय इतिहास एका अपघातापासून सुरू होतो. अरबस्तानातल्या कामगिरीनं गाजलेले इंग्रज अधिकारी टी. ई. लॉरेन्स 1935 मध्ये सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना मोटारसायकलवरून पडून गेले. त्यांना तपासणाऱ्यांत ह्यू केअर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढं केअर्न्स यांनी सैन्यातल्या निरोप्या स्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि 1941 मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यानं अशा स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. जगभरच्या अभ्यासांचा 2008 मध्ये काढलेला एकत्रित निष्कर्ष असा की हेल्मेटमुळं मृत्यूचा धोका 42 टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका 69 टक्क्यांनी कमी होतो.

हेल्मेटचं खरं काम बाहेरच्या कवचापेक्षा आतला थर्माकोलचा थर करतो. आपटल्यावर तो स्वतः चेपतो आणि मेंदूला बसणारा झटका कमी करतो. एकदा चेपला की तो परत फुगत नाही, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं. रस्त्याकडेला मिळणाऱ्या स्वस्त टोपीत हा थर नसतो किंवा नावापुरता असतो. 1 जून 2021 पासून आयएसआय चिन्ह नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायला बंदी आहे. आणि पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्याच झटक्यात डोक्यावरून निघून जातं. पुढची आपट उघड्या डोक्याला बसते.

पडल्यानंतरचा तास

अपघात झाला की आपल्याकडं गर्दी व्हायला वेळ लागत नाही, आणि त्या गर्दीतला प्रत्येक जण मदत करायलाच आलेला असतो. अडचण पद्धतीची आहे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओततात, ते श्वासनलिकेत जातं. दोघं हात आणि दोघं पाय धरून त्याला उचलतात, त्यात मानेच्या किंवा पाठीच्या मणक्याची इजा वाढते. त्यापेक्षा 108 ला फोन लावावा, रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावं, श्वास चालू आहे का बघत राहावं, आणि हलवणं भागच असेल तर डोकं, मान, पाठ एका रेषेत धरून फळीवर घ्यावं.

सगळ्यात फसवा असतो तो डोक्याचा मुका मार. माणूस उठून बसतो, कपडे झटकतो, चहा पितो, घरी जातो. कवटीच्या आत रक्त साचत जायला काही तास लागू शकतात. मग डोकं ठणकतं, उलट्या होतात, गुंगी येते. झोपलाय म्हणून घरचे उठवत नाहीत. डोक्याला मार लागलेल्या माणसाला उलटी झाली, तो असंबद्ध बोलू लागला, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, तर सकाळची वाट बघायची नाही. सीटी स्कॅनची सोय असलेला दवाखाना गाठायचा.

या बाबतीत अंबाजोगाईचं भाग्य मोठं. 1974 पासून तिथं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. देशाच्या ग्रामीण भागातल्या सुरुवातीच्या वैद्यकीय महाविद्यालयांपैकी ते एक. लोक त्याला 'स्वाराती' म्हणतात. केज, धारूर, परळीची पडलेली माणसं तिथं येतात. आष्टीचा माणूस अहिल्यानगरकडं जातो, गेवराईचा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाकडं. मेंदूची शस्त्रक्रिया लागली की एका दवाखान्यातून दुसऱ्याकडं 'रेफर' होण्यात जे तास जातात, त्यांचा हिशेब पंचनाम्यात येत नाही.

कायदा मात्र पूर्वीपेक्षा बराच बाजूनं आहे, फक्त तो गावात पोचलेला नाही. जखमीला दवाखान्यात आणणाऱ्याला पोलिस नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करू शकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये ही तत्त्वं मान्य केली आणि 2019 च्या दुरुस्तीत ती मोटार वाहन कायद्यात आली. मे 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची योजना आहे. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलं नाही तरी मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात. अर्ज करावा लागतो. विम्याची बाजू जास्त नाजूक आहे. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम काढला जातो, आणि तो संपला हे घरात कुणाच्या लक्षातच येत नाही. त्यानंतर समोरच्याला इजा झाली तर भरपाई गाडीमालकाच्या शेतावर येऊ शकते. अल्पवयीन पोराच्या हाती गाडी दिली असेल तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय गाडीची नोंदणी वर्षभर रद्द.

शिकलेलं कुठं जातं

बीड जिल्ह्याला रस्त्यानं मोठे घाव दिले आहेत. केंद्रीय मंत्रिपदाची शपथ घेतल्यावर आठच दिवसांनी, 3 जून 2014 रोजी, परळीचे गोपीनाथ मुंडे दिल्लीत मोटार अपघातात गेले. 14 ऑगस्ट 2022 च्या पहाटे केज तालुक्यातल्या राजेगावचे विनायक मेटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गेले. दोन्ही वेळा अख्खा जिल्हा थांबला, सुरक्षिततेवर भाषणं झाली. दोन्ही अपघात मोटारींचे होते. दुचाकीवरून गेलेल्यांची बातमी तालुक्याच्या पानावर दोन परिच्छेदांत येते आणि संपते.

प्रत्येक घर आपापल्या परीनं शिकतं. कुणी गाडी अवलक्षणी म्हणून विकून टाकतं, कुणी नवस फेडतं, कुणी धाकट्याला रात्री गाडी देणं बंद करतं. कुणी खरोखर ब्रेक सुधारून घेतो. पण हे ज्ञान उंबऱ्याबाहेर जात नाही. सरकारी हिशेबात रस्त्याचा पाचशे मीटरचा तुकडा 'ब्लॅक स्पॉट' ठरायला तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमांचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू व्हावे लागतात. ज्या वळणावर दर पंधरवड्याला एक गाडी घसरते, माणसं खरचटून उठतात आणि गाडी टेम्पोत घालून गॅरेजला जाते, ते वळण कुठल्याच वहीत नसतं. गॅरेजच्या मिस्त्रीला ते ठाऊक असतं. त्याला कुणी विचारत नाही.

ग्रामसभेत हा विषय मांडायला कुणाची परवानगी लागत नाही. गावच्या हद्दीतली घसरण्याची चार ठिकाणं, न रंगवलेला गतिरोधक, खचलेली साइडपट्टी, फाट्यावरची झाडी यांची यादी ठरावासह सार्वजनिक बांधकाम विभागाला देता येते. राष्ट्रीय महामार्गावरच्या तक्रारीसाठी 1033 हा क्रमांक आहे. गॅरेजवाल्याला त्या बैठकीला आवर्जून बोलवावं.

बाकीचं काम घरचं आहे, आणि ते या दिवाळीतच होण्यासारखं आहे. भाऊबीजेला निघण्याआधी गाडी एकदा मिस्त्रीकडं न्या, पुढच्या ब्रेकची केबल ताणून घ्या, मागचा दिवा लागतो का बघा, विम्याची तारीख वाचा. मोकळ्या मैदानात तिसाच्या वेगानं दोन्ही ब्रेक लावून थांबायचा सराव करा. हेल्मेटचा पट्टा लावा. आणि बहिणीला ओवाळणी काय घालायची हे अजून ठरलं नसेल, तर आयएसआय चिन्हाचं एक हेल्मेट तिच्या मापाचं घ्या.